तीन बादल्या

अडतिसावा मासाही माझ्या तळहातावरून घसरला आणि टपकन पाण्यात पडला. मी मान वर केली, तर ओड्वारकाका माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते.

"अडतीस," मी म्हटलं.

"शंभरात?" सिल्येने विचारलं.

"शंभरात."

सिल्येने हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं आणि खालचा ओठ चावला. काका वळले आणि गेले. मला वाटलं, गेले बिचारे रागावून.

थांबा, असं नाही कळणार तुम्हाला. अनघे, तू मघाशी विचारलंस ना, नॉर्वेत एवढी वर्षं काढलीस तर सगळ्यात वाईट दिवस कुठला? हाच. पण आधी मासा सांगायला हवा.

साल्मन माहीत आहे ना, तो गुलाबी, महागडा? तिकडे समुद्रात जाळ्यांचे अवाढव्य पिंजरे टाकून त्यांत तो वाढवतात. आणि त्याला उवा होतात. हसू नकोस तुषार, खरंच उवा! अंगाला चिकटून कातडी खातात त्याची. औषधं मारून मारून त्या उवा निगरगट्ट झाल्या. मग या लोकांनी एक दुसरा मासा हाताशी धरला, जो साल्मनच्या अंगावरच्या उवा टिपून खातो. लम्पफिश. आपल्याकडे नसतोच, त्यामुळे आपल्यात नावही नाही. दिसायला म्हणशील तर बटाट्याला कारल्याची साल चढवावी तसा. गोल, टेंगळं आलेला, आणि डोळे असे की कायम कुणीतरी आश्चर्याची बातमी सांगितलीय. आमच्या केंद्रात तो अंड्यापासून वाढवायचा, लिंबाएवढा झाला की पिंजरेवाल्यांकडे धाडायचा. रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलेली मी, चोविसाव्या वर्षी त्या बेटावर जाऊन पडले. तीसेक घरं, एक दुकान, आणि वारा.

तर या माशाच्या पोटाखाली एक चकती असते. गाडीच्या काचेला बाहुली चिकटवतात ना, तिला असते तशी. पोहायला हा एक नंबरचा आळशी. दोन मिनिटं पोहणार, की चिकटला भिंतीला. तिथूनच इकडेतिकडे बघत बसणार. पिंजऱ्यातसुद्धा त्याला बसायला प्लास्टिकच्या पानांचे पडदे सोडतात. पण काहींची चकती वाकडी निघते. मग तो कशालाच चिकटू शकत नाही. नुसता पोहत राहतो. दिवस-रात्र. आणि आठवड्याभरात मरतो. रोगाने नाही गं, दमून! मासा दमून मरतो हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीत मात्र मला ते लगेच पटलं.

कारण आमच्यातले दोघं आजारी रजेवर होते आणि सहा आठवडे मला एक सुट्टी मिळाली नव्हती. सकाळी खाणं, मग टाकीचा तळ साफ करणं, मग मेलेले काढणं, मग परत खाणं. त्यात हे मासे महा खोडकर. लहान-मोठे एका टाकीत राहिले की मोठे लहानांच्या शेपट्या कुरतडतात. म्हणून दर दहा दिवसांनी सगळ्यांना बाहेर काढून आकाराप्रमाणे वेगळं करायचं. बारा-बारा हजार मासे एकेका टाकीत! सूर्य साडेनवाला तोंड दाखवायचा आणि अडीचला गुल. मी घरी जाऊन बूट काढायला बसायचे आणि एक बूट काढून तशीच झोपून जायचे. खोटं नाही सांगत. सकाळी एक पाय बुटात.

आणि हात! खारं पाणी, जंतुनाशक, थंडी. बोटांच्या पेरांना अशा भेगा की मिठाच्या पाण्यात हात घालताना जीव जायचा. दुकानातली सगळी मलमं झाली. शेवटी आईला व्हिडिओवर हात दाखवले तर ती रडायचीच बाकी राहिली. "ती क्रीमां टाक गो समुद्रात! खोबऱ्याचा तेल लाय. घाण्यावरचा धाडतंय." आणि धाडलंच तिने मालवणहून. मेणबत्ती झाली होती बाटलीत! मी ती बाटली कपडे बदलायच्या खोलीत गरम पाण्याच्या पाइपवर ठेवायचे. सकाळी आणि जेवणानंतर बचकभर चोपडायचं, वर रबरी हातमोजे चढवायचे, की काम सुरू. चार दिवसांत भेगा भरायला लागल्या.

फक्त वास. आपल्याला वास वाटतसुद्धा नाही तो. पण एकदा माशांना लस टोचणारी टोळी आली होती, त्यातला एक जण नाक वर करून म्हणाला, "कुणी केक भाजतंय का?" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन जेवणाच्या खोलीत शिरले आणि ओड्वारकाका उठले, खिडकी उघडली आणि परत बसून ब्रेड खायला लागले. बाहेर उणे सहा होतं.

ते मी मनात ठेवलं.

काका म्हणजे मीच म्हणायचे हं, मनातल्या मनात. तिकडे सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीत बोलतात. सहासष्ट वर्षांच्या माणसाला 'ए ओड्वार' म्हणायला माझी जीभच वळेना. उंच, वाकलेले, बोटं गाजरासारखी. आधी चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर. त्यांचं इंग्रजी माझ्या नॉर्वेजियनइतकंच, म्हणजे दोघांचं मिळून एक वाक्य व्हायचं. ईस्टरला ते निवृत्त होणार होते. आणि सात नंबरची टाकी त्यांची होती.

सगळ्या टाक्या सगळ्यांच्याच, पण सात नंबर त्यांची. कारण त्यांचं म्हणणं असं, की चकती वाकडी होते ती घाईमुळे. कोंबून भरलेले मासे, सारखं खाणं, भराभर वाढ. दहा वर्षं ते हेच सांगत होते आणि दहा वर्षं कंपनी 'हो हो' म्हणत होती. शेवटी त्या वर्षी त्यांना एक टाकी दिली. करा तुमच्या पद्धतीने. मासे कमी, वाढ सावकाश. शेवटी चकतीची चाचणी होईल. चांगली निघाली तर पुढच्या वर्षी सगळ्या टाक्या तशाच. शंभरात दहापेक्षा जास्त वाकडे निघाले तर नियमाप्रमाणे आख्खी टाकी बाद.

बाद म्हणजे मारायची. विकता येत नाही आणि सोडताही येत नाही.

चाचणी एकदम साधी. मासा उघड्या तळहातावर ठेवायचा, पाण्याखाली पाच सेकंद धरायचा आणि हात उलटा करायचा. लटकून राहिला तर पास. घसरला तर नापास. हातमोजा चालत नाही. रबरावर अर्धी चकतीसुद्धा चिकटते. तळहाताच्या रेषांवर टिकला तो खरा. ही पद्धतही ओड्वारकाकांचीच, नेहमी तेच करायचे. पण सिल्ये, आमची नवी व्यवस्थापक, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, तिने नियम काढला की ज्याने टाकी वाढवली त्याने तिची चाचणी करायची नाही. चूक काय त्यात? काहीच नाही. म्हणून त्या मंगळवारी हातमोजे काढून मी बसले.

आणि अडतीस घसरले.

तर काका गेले ते पाच मिनिटांनी परत आले. हातात पत्र्याचं घमेलं, वाफा निघणारं पाणी, आणि हिरव्या साबणाची वडी. ते घमेलं त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. सिल्येच्या देखत. साबण काठावर ठेवला.

"धू," म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, म्हणजे मला वाटलं कळलं, आणि कानशिलं तापली माझी.

"माझे हात स्वच्छ आहेत."

"असतील. धू. मग परत कर."

"का? घाण वास येतो म्हणून?" मी इंग्रजीत म्हटलं, मुद्दाम मोठ्याने, सिल्येला ऐकू जावं म्हणून. "त्या दिवशी मी आले तर खिडकी उघडली, आज साबण! तुमचे मासे चिकटले नाहीत म्हणून माझे हात घाणेरडे?"

सहा आठवड्यांचा शीण होता गं तो. कुठून कसा बाहेर पडेल सांगता येत नाही. माझा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदा आलं म्हटल्यावर थांबेना.

सिल्ये लालभडक झाली. ती काकांना नॉर्वेजियनमध्ये काहीतरी म्हणाली, हळू पण धारदार. मला त्यातले दोनच शब्द कळले. 'तिचे हात' आणि 'पुन्हा नाही'. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून घमेलं उचललं, साबण खिशात टाकला आणि पाणी न सांडता हळूहळू घेऊन गेले. त्यांची ती पाठ बघून, खरं सांगते, मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

सिल्ये म्हणाली, "जेवून घे. मग आणखी एकदा शंभर कर. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

मी जेवले. हात चोपडले. मोजे चढवले. एक वाजता मोजे काढून परत शंभर केले.

एक्केचाळीस.

काकांनी तोवर आपले आपण शंभर केले होते. त्यांचे सहा घसरले. पण ते त्यांचेच मासे, डोळ्यांत मोतीबिंदू, निवृत्तीला दोन महिने. सिल्येने कुणाचा आकडा धरायचा? तिने हेड ऑफिसला फोन लावला, दहा मिनिटं बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, "सात नंबर रिकामी करा. आजच."

रिकामी करायची म्हणजे काय, तर पलीकडे सहा नंबरच्या मागे एक मोठा टब ठेवलेला. त्यात भुलीचं औषध, भरपूर. मासा त्यात टाकला की झोपतो आणि मग उठत नाही. आधी टाकीतलं पाणी गुडघ्याएवढं केलं. जे पोहत होते त्यांना मोठ्या जाळीने उपसलं. काका आणि मी. निम्मे असेच गेले, पाऊण तासात. जाळी भरायची, न्यायची, रिकामी करून आणायची. मध्ये एकदा त्यांनी मला, "पाय सांभाळ, तळ निसरडा आहे," एवढं सांगितलं. साबणाबद्दल काही नाही. त्यांना बजावलं होतं ना, परत नाही म्हणून.

मग उरलेलं पाणी सोडलं. आणि मी बघतच राहिले.

भिंत. सगळी भिंत माशांनी भरलेली! गोल टाकी, छातीएवढी उंच, आणि गुडघ्यापर्यंत भिंतीला नुसते गोळे. पाणी खाली गेलं तरी एकही खाली पडला नव्हता. आपले चिकटून बसलेले, ओले, चमकणारे, आणि हजारो डोळे आश्चर्याने माझ्याकडे बघतायत.

मला काय वाटलं माहितेय? वाटलं, बरोबर, शंभरातले साठ चांगले होते ना, ते हे. जे वाकडे होते ते पोहत होते, ते आधी गेले. माणूस दमलेला असला की डोकं असं सोयीचं चालतं.

ते हाताने काढायचे. मोजे घालून जमत नाही, मोज्यालाच चिकटतात. उघड्या हाताने, अंगठा बाजूने घालून ढकलायचं, की टक आवाज होऊन सुटतो. मग बादलीत. मी काढत होते, बादली भरली की काका ती घेऊन तीन पायऱ्या चढून पलीकडे जात होते, तोवर मी दुसरी भरत होते. आणि मला भारी वाटत होतं, कारण माझ्या हातातून मासे पटापट बादलीत पडत होते. काका मध्ये मध्ये मदतीला दोन-चार काढायचे, तर त्यांच्या हाताला मासा चिकटून बसायचा. एकेकाला दुसऱ्या हाताने सोडवायला लागायचं. म्हटलं, बघा, म्हातारा किती हळू आणि मी किती चटपटीत!

दहा बादल्या गेल्या असतील. अकरावी भरताना एक मासा हातातून निसटला आणि माझ्या बुटावर पडला. आणि बुटाला चिकटला. मी पाय झटकला. नाही सुटला. वाकून सोडवला, तर तो कोपराशी बाहीला चिकटला. बाहीवरून काढला आणि तळहातावर घेतला.

घसरला.

परत उचलला. परत ठेवला. घसरला. पार तेलकट ताटातून गुलाबजाम घसरावा तसा.

मी तशीच उभी. माझ्या बुटाला चिकटतो, बाहीला चिकटतो, भिंतीला चिकटतो. मलाच नाही.

काका रिकामी बादली घेऊन पायरीवर उभे होते. किती वेळ बघत होते देव जाणे. ते खाली उतरले, तो मासा दोन बोटांनी उचलला आणि आपल्या त्या भल्यामोठ्या तळहातावर ठेवला. पाच सेकंद. हात उलटा केला. लटकला मासा. इकडेतिकडे बघत आरामात लटकला. मग त्यांनी माझा हात धरला, वर केला आणि नाकाजवळ नेला. त्यांच्या नाही गं, माझ्या.

खोबरं.

आईने धाडलेलं, घाण्यावरचं. सकाळी चोपडलेलं, मोज्यात मुरलेलं, आणि आठ अंशाच्या पाण्यात हात घातल्याबरोबर मेणासारखं थिजून बसलेलं. त्याच्यावर कोण चिकटणार? त्यांना तेलाचं ठाऊकही नव्हतं आधी. त्यांचा बोटीवरच्या दिवसांपासूनचा एक शिरस्ता, चाचणीआधी गरम पाणी आणि साबण. स्वतः दर वेळी धुवायचे. मी दहा वेळा बघितलं होतं! मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड.

त्यांनी माझा हात सोडला. माझ्यापुढची ती अकरावी बादली उचलली आणि वर गेले.

आता इथे ऐका. इथेच ऐकायचंय.

मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. टाकीतले निम्मे आणि वर दहा बादल्या माझ्या हाताने गेल्या, त्या माणसाची दहा वर्षं गेली, आणि मी त्याला सिल्येसमोर काय नाही ते ठरवलं. फक्त एक हाक मारायची होती. सिल्ये वर ऑफिसात होती. काच दिसत होती मला. "थांबा" एवढंच म्हणायचं.

मी रिकामी बादली पुढे ओढली आणि भिंतीवरचा पुढचा मासा काढला.

काय चाललं होतं डोक्यात? मोठं काही नाही. व्हिसा. सिल्येचा चेहरा. आईला काय सांगू, तुझ्या तेलाने? आणि सगळ्यात जास्त काय, सांगू? की हे सांगितलं तर परत पाणी भरा, परत शंभर मोजा, परत सगळं, आणि मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. एवढंच. बाद झाली टाकी तर पाचपर्यंत संपलं असतं काम.

कळल्यानंतरची ही दुसरी बादली भरली. काका आले, घेऊन गेले. पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला. म्हटलं, हात धूत असतील.

तिसरी भरली. टक, टक, टक. माझ्या हातातून कसे झरझर पडत होते! काका आले. या वेळी कठड्याला धरून उतरले, बादली उचलली, दोन पायऱ्या चढून थांबले, श्वास घेतला, गेले.

परत आले ते बादली उपडी घालून तिच्यावर बसले. टाकीच्या मधोमध. गुडघ्यांवर हात. आधी वाटलं, माझी वाट बघतायत. पण नाही, दमले होते. नुसते दमले होते. माझ्यासारखेच.

"ओड्वार," मी म्हटलं. पहिल्यांदा नावाने. "माझ्या हाताला तेल आहे."

"हो," ते म्हणाले.

"मी सिल्येला सांगते."

"हो."

मग मी ओरडले. सिल्येऽऽ! अशी ओरडले की ती धावत आली, कुणी पडलं की काय म्हणून. मी टाकीतूनच सांगितलं. सगळं. तेल, मोजे, साबण, आणि खिडकी. खिडकीचं बोलले तेव्हा सिल्येने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मला उकडतं." मग त्यांना माझं तोंड दिसलं असावं, म्हणून इंग्रजीत परत म्हणाले, "नेहमी उकडतं. बायको पण ओरडते."

तेच घमेलं आलं. तोच हिरवा साबण, त्यांच्या खिशातून, वर कापडाचे धागे लागलेला. मी तीनदा हात धुतले. भेगांत साबण गेला, ब्रह्मांड आठवलं. सात नंबरमध्ये पाणी सुरू केलं. सिल्ये शेजारी बसली आणि मी शंभर मासे एकेक करून तळहातावर घेतले. माहितेय कसं लागतं ते? ओलं, गार, आणि मध्यभागी बारीकसं ओढल्यासारखं. कुणीतरी लहान मुलाने बोट धरावं तसं. सकाळपासून दोनशे मासे हातावर घेतले होते आणि ते ओढणं एकदाही लागलं नव्हतं. तरी मला संशय आला नाही.

चार घसरले. शंभरात चार.

सिल्ये पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, "मी पण विचारायला हवं होतं. साबण कशाला, एवढं तरी." आणि फोन करायला गेली. पुढची चौकशी, कागद, माझं ते तीन पानी निवेदन, ते सगळं झालं नंतर. ते जाऊ दे.

चार वाजले होते. बाहेर काळोख. मी टबाकडे गेले. बघायलाच हवं होतं, नाही का? कडेपर्यंत भरला होता. वरचे पांढरी पोटं करून, चकत्या वर. सुबक, गोल, एकेक छापल्यासारखी. त्यांतले वरचे कुठले, ते मी शोधत होते. शेवटच्या तीन बादल्यांतले. ते ओळखू येणार होते का? पण मी शोधत होते. आधीच्या चुकून मारल्या. या तीन मी समजून-उमजून मारल्या. आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. निवेदनातही लिहिलं नाही पुढे.

तेव्हा मला पाण्याचा आवाज आला. सहा नंबरमधून. ती टाकी तर पंधरा दिवस धुऊन कोरडी ठेवलेली! मी कठड्यावरून वाकले.

आत हातभर पाणी, नळ चालू. आणि भिंतीला गोळे. पाचशे असतील, सहाशे असतील. चिकटून बसलेले, डोळे वटारून.

"अगं बाई!" अनघे, तू आत्ता केलंस ना, अगदी तसाच आवाज केला मी. हो, नाही मेले ते. मेलेच नव्हते. पण थांब, लगेच सुटकेचा श्वास नको टाकू. मला कुठे माहीत होतं ते? मी तर मेले असंच समजून भरत होते ना!

काका मागे येऊन उभे होते. हातात माझी तेलाची बाटली, पाइपवरची. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "घरी लाव. रात्री. नाहीतर बोटं फुटतील."

मी सहा नंबरकडे बोट दाखवलं.

"रिकामीच होती," ते म्हणाले.

"कधीपासून? किती टाकलेत इथे?" मी विचारलं. काय ऐकायचं होतं मला, कुणास ठाऊक. कदाचित ते म्हणतील पाच, म्हणतील सहा, म्हणतील आठवत नाही.

त्यांनी वाकून नळ बंद केला. मग तो गाजरासारख्या बोटांचा हात माझ्यासमोर धरला आणि अंगठा आणि करंगळी मिटली.

तीन.

बरोबर तीन. त्यांनीही मोजल्या होत्या.